मदत हवी आहे : तेरा वर्षांच्या पिचरला जोखायचं कसं?

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यात कापसाची शेती करतो. बेसबॉलशी ओळख गेल्या आठ महिन्यांची, तीही भाच्यामुळे. तो शिकायला आमच्याकडे असतो. तेरा पूर्ण, शाळेच्या संघात पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा. वर्षात ९ सेंटिमीटर वाढलाय, मिसरूड फुटलंय, समोरची पोरं त्याच्या खांद्याला लागतात. त्याचा चेंडू त्यांना दिसायच्या आत गेलेला असतो. गावात जो तो म्हणतो, "पोऱ्या स्टेट खेळी!" खेळेलही. पण तो खरंच चांगला आहे की नुसता इतरांआधी मोठा झालाय, हे मला उमगत नाही.

मोजून पाहिलं. गहू निघाल्यावर मोकळ्या वावरात फक्की टाकून धावायला ६० यार्ड आखले, म्हणजे ५५ मीटरला किंचित कमी. ८.१ सेकंद लागले. होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) ते पहिला बेस (फटक्यानंतर तो धावत गाठतो तो पहिला टप्पा) ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. त्याला ५ सेकंद.

वेग मोजायची गन इकडे कोणाकडे असणार! मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला. पिचरची पट्टी ते प्लेट १८.४४ मीटर, पण चेंडू हातातून सुटतो तो पाऊल पुढे टाकल्यावर, म्हणून १७ मीटर धरले. सुटल्यापासून प्लेटपर्यंत १६८ फ्रेम झाल्या. म्हणजे ०.७ सेकंद, ताशी साधारण ८७ किलोमीटर. तीनदा केलं, उन्नीस-बीस तेच.

आकडे वहीत आहेत, त्यांचा अर्थ लावता येत नाही. कोणत्या वयाला किती हवं? आणखी काय बघू?

आणि एक. पंधरा दिवसांपासून तो कोपराची आतली बाजू दाबत बसतो. संघाला शिकवणारे सर मनाने चांगले, पण रोज टाकायला लावतात, सामन्यात शंभरच्या वर चेंडू होतात. माझी आई तेल चोळते आणि मला बोल लावते. पोरगा म्हणतो, काही दुखत नाही.

*

सॉफ्टबॉलवाली (जळगाव) :

दादा, तुम्ही कोपर शेवटी लिहिलंत, ते पहिल्या ओळीत हवं होतं. या वयात कोपराच्या आत हाडाची वाढ चालू असते, तिथली कूर्चा हाडापेक्षा कच्ची. जोरात फेकताना स्नायू नेमकं तिथेच ओढतात. चोळणं बंद, फेकणं बंद, हाडांच्या डॉक्टरकडे जा. एक्सरे सांगितला तर दोन्ही कोपरांचा काढायचा का, ते विचारा. वाढत्या वयात तुलनेला दुसरा हात लागतो.

सरांचं कारण मला कळतं. आमच्याकडचे बरेच जण सॉफ्टबॉलमधून आले. तिथे पिचर खालून हात फिरवून टाकतो, हाताला झीज असते, पण कोपराला असा झटका बसत नाही. मोजायची सवयच नाही. अमेरिकेत पिच स्मार्ट म्हणून नियमावली आहे. १३-१४ वर्षांना दिवसाला ९५ चेंडूंची कमाल, आणि ६६ किंवा जास्त झाले की चार दिवस पूर्ण विश्रांती. शंभर चेंडू आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा? नाही. पिच टाकून झाल्यावर त्याच दिवशी कॅचर (प्लेटमागे चेंडू झेलणारा) म्हणूनही उभं करू नका, तो तेवढंच फेकतो.

आता जोखणं. वावरातली वेळ सोडून द्या, भुसभुशीत मातीत कोणीही हळू धावतो. शाळेच्या कडक मैदानावर सकाळी सात वाजता पुन्हा मोजा. उन्हाळ्यात आपल्याकडे दहानंतर मोजणं म्हणजे पोराची नाही, उन्हाची परीक्षा. होम ते पहिला बेस मात्र बॅटला चेंडू लागल्या क्षणापासून धरा. उभ्याउभ्या शिट्टीवर धावणं वेगळं.

आकड्याइतकंच हे बघा : ग्लोव्हमधला चेंडू दुसऱ्या हातात किती सफाईने येतो. क्रिकेटची पोरं दोन्ही हातांनी झेलतात आणि मग ग्लोव्हमध्ये चाचपडतात. बॅटिंगला वीस चेंडू टाका आणि किती वाईट, म्हणजे प्लेटच्या बाहेरून किंवा फार वर-खाली जाणारे चेंडू त्याने सोडले तेवढं लिहा, फटके नका मोजू. डोळा उंचीने येत नाही. पिचिंगमध्ये साठाव्या चेंडूला पाय पहिल्या चेंडूसारखाच पडतो का? नसेल, तर तिथे त्याची ताकद संपली.

*

केळीबाग (रावेर) :

ताईंनी नेमकं सांगितलं. माझं एवढंच की इंटरनेटवरचा २० ते ८० गुणांचा स्काउटिंगचा (खेळाडू हेरून निवडण्याचा) तक्ता पोराला लावू नका. त्यातला ५० म्हणजे मेजर लीगचा, अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक स्पर्धेचा, सरासरी खेळाडू. तिथे उजव्या हाताच्या बॅटरला पहिल्या बेसला साधारण ४.३ सेकंद लागतात, डावा प्लेटच्या पहिल्या बेसकडच्या बाजूला असल्याने त्याला थोडे कमी. तेराव्या वर्षी ५ ऐकून घाबरायचं कशाला? तुलना करायचीच तर वर्गातल्या बुटक्यांशी नको, उंच झालेल्या दोन-तीन पोरांशी करा. आणि दर महिन्याला उंची लिहा. मुलं साधारण तेरा-चौदाला सगळ्यात भराभर वाढतात, तेव्हा हातपाय लांब होतात आणि नेम बिघडतो. तो वेळ गेल्यावरच खरं पोरगं दिसतं.

*

धागाकर्ता :

ताई, भाऊ, आभार. आज विचारलं तर म्हणाला, कधीपासूनच दुखतंय, पण सांगितलं तर संघातून काढतील म्हणून गप्प. जळगावला परवाची वेळ मिळाली आहे. सरांशी बोललो, ते जरा नाराज दिसले, पण चेंडू मोजायला एक पोरगा बसवतो म्हणाले. डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिहितो. तोवर वाईट चेंडू सोडतो का ते बघायचं, तर बॅट धरली तरी कोपरावर ताण येईल का?

*

सॉफ्टबॉलवाली (जळगाव) :

येईल. परवापर्यंत बॅट घरात ठेवा. त्याला मैदानाच्या कडेला बसवा आणि समोरच्या पिचरचा प्रत्येक चेंडू आत की बाहेर, हे ओरडून सांगायला लावा.