‘खाणावळ थकली’ म्हणता येतं का?

लालबागची नात
आमची आक्का, माझ्या आईची आई, गेल्या महिन्यात गेली. पुढच्या रविवारी सगळं गोत गावी जमणार आहे, तेव्हा वाटायला चार पानांची पुस्तिका करतेय. लालबागच्या एका खोलीत आक्का चाळीस गिरणी कामगारांना दोन्ही वेळ जेवू घालायची. त्यावर पाच मुलं वाढवली, दोन नणंदांची लग्नं केली. मी लिहिलं : ‘संपात माणसांची खाणावळ थकली, तरी आक्काने कुणाचं ताट बंद केलं नाही.’ मामेभाऊ म्हणतो, खानावळ ही जागा, ती थकेल कशी? ‘खानावळीचे पैसे थकले’ असं लिही, आणि ‘ण’चा ‘न’ कर. पण पगाराच्या दिवशी आक्का दारात उभी राहून विचारायची, ‘खाणावळ आणलीस का रं?’ हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ती चुकीचं बोलत होती का? शिवाय मथळ्यात ‘यशस्वी उद्योजिका’ हवं म्हणतो, ते मला बोचतंय.

मोडीवाचक
तुमची आक्का बरोबर होती. शिवणावळ, घडणावळ, धुणावळ, लिहिणावळ हे सगळे मोबदल्याचे शब्द. तशी खाण्याचे पैसे ती खाणावळ. जागेचा अर्थ नंतर आला असणार. ‘ण’च ठेवा, ‘न’ हा दवाखाना-कारखान्याच्या नादाने शिरलाय.

बेळगावी
मग जेवणावळीचं काय? तिथे कोण पैसे मोजतं? ती पंगत. म्हणजे ‘आवळ’ ही ओळ, नामावळीतली. आणि आमच्याकडून पार हुबळी-धारवाडपर्यंत कानडी पाट्यांवर ‘खानावळी’ असतं, ‘न’ने. रोज हजारो लोक वाचतात-बोलतात, तो शब्द अशुद्ध कसा?

मोडीवाचक
पाटी हा पुरावा नव्हे. जेवणावळ वेगळी, तिथला प्रत्यय वेगळा असू शकतो.

बेळगावी
तुमच्या मताच्या आड आला की प्रत्यय वेगळा! मला हे पटत नाही.

तिसरी पाळी
माझे वडील करी रोडला, गावच्या पंधरा जणांसोबत एका खोलीत राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर झोपायची. जेवण शेजारच्या मावशींकडे. त्यांच्या पत्रात दर महिन्याला एक ओळ असे : ‘खानावळ दिली, उरलेले मनिऑर्डर केले.’ म्हणजे अर्थ पैशांचा, आणि अक्षर ‘न’. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं गिरण्यांबाहेर पडली. सहा महिन्यांनी वडील गावी परतले ते कायमचे. मावशींचे चार महिने द्यायचे राहिले. त्यांनी एकदाही निरोप धाडून मागितले नाहीत, हे वडील शेवटपर्यंत बोलून दाखवायचे. ताई, तुमचं वाक्य बदलू नका.

रूपसिद्धी
‘उद्योजिका’ला का नाक मुरडता? उद्योजक-उद्योजिका, लेखक-लेखिका. व्याकरणाने निर्दोष शब्द आहे.

लालबागची नात
निर्दोष आहे, पण आक्काचा नाही. ती ‘माझा धंदा’ म्हणायची. ‘उद्योग’ म्हणजे तिच्या लेखी पोरांच्या खोड्या : ‘काय उद्योग करून ठेवलास?’

रूपसिद्धी
म्हणूनच तर मोठा शब्द द्यायला हवा. ‘उद्योगिनं पुरुषसिंहमुपैति लक्ष्मीः’ या वचनातसुद्धा लक्ष्मी पुरुषसिंहाकडेच जाते. चाळीस माणसांचा बाजारहाट, उधारी, वसुली सांभाळणाऱ्या बाईला नुसती ‘खानावळवाली’ म्हणायचं?

तिसरी पाळी
‘नुसती’ कुठून आलं? १९७५मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांचं. सावकाराच्या व्याजातून सुटून या बायका बँकेच्या दारात गेल्या. त्या शब्दात कमीपणा नाही.

वकिली बाणा
मी ‘कर्ती’ सुचवते. एकत्र कुटुंबाचा ‘कर्ता’ पुरुषच असायचा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क मिळाला. मग २०१५च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने थोरली मुलगीही कर्ता होऊ शकते, असं म्हटलं. तेव्हापासून मला अडतंय : मराठी कागदात तिला ‘कर्ता’ लिहायचं की ‘कर्ती’?

रूपसिद्धी
‘कर्त्री’.

वकिली बाणा
‘कर्त्री’ कुणाच्या तोंडी आहे? ‘घरातली कर्तीसवरती बाई’ आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय. कायद्याला ते कळायला वेळ लागला.

बेळगावी
आमची आजी गेली तेव्हा गल्लीतले लोक म्हणाले, ‘घरचा कर्ता माणूस गेला.’ पुल्लिंगीच. कुणाला खटकलं नाही, मलाही नाही.

लालबागची नात
सगळ्यांचे आभार. काल आक्काची एक वही सापडली, जाड पुठ्ठ्याची, हळदीच्या बोटांचे डाग असलेली. तिला लिहिता येत नव्हतं, थोरल्या मामाचं अक्षर आहे. जानेवारी ते ऑगस्ट, नावापुढे नाव, आणि प्रत्येकापुढे एवढंच : ‘खा. बाकी’. बहुतेक नावांवर काट मारलेली आहे, पण रक्कम जमा झाल्याची नोंद नाही. आईला विचारलं. म्हणाली, गावी गेला असं कळलं की आक्का ते नाव खोडायला सांगायची.

मोडीवाचक
‘खा.’ कुठे तरी पूर्ण लिहिलेलं आहे का, पाहाल? पहिल्या पानावर बहुधा असेल.

लालबागची नात
पहिलं पान फाटलंय. अजून तीन वह्या मामाकडे आहेत, रविवारी बघते.