गाइडिंगचा आलेख सरळ, तरीही एम १३ चे तारे लांबट: फ्लेक्शर (वाक) नेमके कुठे शोधावे?

जाणकारांकडून एका अडचणीबाबत मार्गदर्शन हवे आहे. शौरी तारकासमूहातील एम १३ या गोलाकार तारकागुच्छाची छायाचित्रे घेताना ३० सेकंदांच्या फ्रेममध्ये तारे नेटके गोल येतात, परंतु १८० सेकंदांच्या फ्रेममध्ये ते एकाच दिशेने ताणलेले दिसतात. आणि हे घडत असताना पीएचडी २ या सॉफ्टवेअरमधील गाइडिंगची (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची, म्हणजे दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीची, दिशा सतत सुधारत राहण्याची) एकूण त्रुटी मात्र ०.८ आर्कसेकंदांच्या (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपासच असते. तेजोमेघाच्या चित्रात एवढा दोष कदाचित खपून गेला असता. गुच्छाच्या चित्रात ताऱ्यांशिवाय दुसरे काहीच नसल्यामुळे तो लगेच डोळ्यांत भरतो.

दुर्बीण ८० मिमी व्यासाची व ४८० मिमी नाभीय अंतराची अपवर्तक असून तिला फ्लॅटनर (कडेचे तारेही नेटके यावेत म्हणून लावायचे भिंग) आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा जोडलेला आहे. ३० मिमी व्यासाचा आणि १२० मिमी नाभीय अंतराचा गाइडस्कोप, म्हणजे गाइडिंगची छोटी दुर्बीण, फाइंडरच्या खोबणीत दोन लहान स्क्रूंनी बसवला आहे. मुख्य कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे १.६ आर्कसेकंदांचा, तर गाइड कॅमेऱ्याचा सुमारे ६.४ आर्कसेकंदांचा आहे. हे प्रमाण चौपट असले तरी गाइडिंगचे सॉफ्टवेअर ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या लहानशा अंशापर्यंत अचूक ठरवत असल्याने मूळ दोष तिथे नसावा, असे मला वाटते.

संशय मुख्य दुर्बीण व गाइडस्कोप या दोन नळ्यांमधील सापेक्ष वाकावर, म्हणजे डिफरेन्शियल फ्लेक्शरवर आहे आणि त्याला कारणे आहेत. एका तासातील पहिली व शेवटची फ्रेम एकमेकींवर ठेवून पाहिली असता गुच्छाचा गाभा सुमारे ४० पिक्सेल सरकलेला आढळतो. हा वेग १८० सेकंदांत २ पिक्सेल आणि ३० सेकंदांत जेमतेम एक तृतीयांश पिक्सेल इतका भरतो, म्हणजे लहान फ्रेम गोल आणि मोठ्या फ्रेम लांबट का, याचा हिशेब जुळतो. स्टॅक केलेल्या (अनेक फ्रेम एकत्र करून बनवलेल्या) चित्राच्या पार्श्वभूमीवर तिरक्या रेघांची जाळी उमटते, तीही याच सरकण्याची खूण असावी. ताण चारही कोपऱ्यांत सारखाच व एकाच दिशेचा असल्यामुळे ध्रुवीय अक्षाच्या चुकीतून येणारे क्षेत्रभ्रमण (चित्र एका बिंदूभोवती फिरणे) किंवा फ्लॅटनरचे चुकलेले अंतर ही कारणे मी बाजूला ठेवली आहेत. मेरिडियन फ्लिपनंतर (लक्ष्य मध्यान्हवृत्त ओलांडते तेव्हा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवल्यावर) ताणाची दिशाही बदलते.

आणखी एक गोष्ट पाहिली. गाइडिंग चालू असताना गाइडस्कोपच्या टोकाला बोटाने हलकासा दाब देऊन सोडला की आलेख उसळतो, माउंट गाइड ताऱ्याला पुन्हा जागेवर आणतो आणि आलेख शांत होतो. परंतु मुख्य कॅमेऱ्यातील गुच्छ पूर्वीच्या जागी परत येत नाही. खोबणीतील पकड ढिली आहे, एवढे यावरून उघड होते. मात्र सगळा दोष तिथलाच आहे की कॅमेरा व फ्लॅटनरच्या वजनाने फोकसरची (कॅमेरा पुढे-मागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागाची) नळीही खाली झुकते आहे, हे वेगळे कसे काढावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. गाइडस्कोप दोन भक्कम कड्यांमध्ये बसवून पुन्हा मोजणे हा एक मार्ग दिसतो. पण फोकसरचा वाक स्वतंत्रपणे तपासण्याची एखादी खात्रीची पद्धत कोणी वापरली असेल, तर ती तपशिलाने सांगावी.

ऑफ-ॲक्सिस गाइडर (मुख्य दुर्बिणीतल्याच प्रकाशाचा थोडा भाग गाइड कॅमेऱ्याकडे वळवणारे साधन) लावल्यास गाइडिंगचा प्रकाश फोकसरनंतर, कॅमेऱ्याच्या बाजूनेच घेतला जात असल्यामुळे दोन्ही शक्यता एकदम निकालात निघतील, हे मान्य आहे. अडचण अशी की फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंतच्या ५५ मिमी अंतरात तो बसवण्यासाठी सगळ्या जोडण्या नव्याने मांडाव्या लागतील, आणि इतक्या लहान दुर्बिणीसाठी तो खटाटोप कितपत सार्थकी लागेल, याबाबत मी साशंक आहे.

दुसरा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. १८० सेकंदांत एम १३ चा गाभा जळून पांढरा होतो आणि संपृक्त झालेल्या ताऱ्यांचे रंग नंतर काही केल्या परत मिळत नाहीत. ययातीतील जोडगुच्छातल्या तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच खटकते. मग गेन (कॅमेऱ्याचे संकेत-वर्धन) कमी ठेवून ४५ ते ६० सेकंदांच्या भरपूर फ्रेम घ्याव्यात आणि डिदरिंग (फ्रेमगणिक दुर्बीण किंचित सरकवणे) करावे, की दोन्ही कालावधींच्या फ्रेम घेऊन गाभा लहान फ्रेममधून भरावा? माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. गुच्छापासून अर्ध्या अंशाच्या आतच असलेली एनजीसी ६२०७ ही फिकट दीर्घिका, तिची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकट) सुमारे ११.६, अशा लहान फ्रेम एकत्र करूनही पुरेशी उठून दिसते का, हे ज्यांनी करून पाहिले आहे त्यांनी कृपया एकूण एक्स्पोजर, गेन आणि आकाशाची स्थिती यांसह कळवावे.