शिकागोत राहून: वॉर्ड, ब्लूज आणि बेसबॉल (अनुभव धागा)

मधुवंती
शिकागोतल्या पुरोगामी मंडळींच्यात गप्पांना बसलं की तीन विषय हटकून निघतात: वॉर्डातला ऑल्डरमन (म्हणजे नगरसेवक), गाणं आणि बेसबॉल. तिन्ही विषय फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येतात, तो म्हणजे पैसा कुणाचा आणि जागा कुणाची. इथली बरीच मराठी माणसं यातल्या एकेका गोष्टीत चांगली मुरलेली आहेत, म्हणून हा धागा. अट एकच. ‘मी आलो तेव्हा गुडघाभर बर्फ होता’ छापाच्या आठवणी नकोत. काम कसं चालतं, किती लागतं, कुठे अडतं ते लिहा. राष्ट्राध्यक्षांवरच्या वादासाठी व्हॉट्सॲप आहेच.

वॉर्डकर
सुरुवात वॉर्डापासून. शहरात ५० वॉर्ड आहेत. दर चार वर्षांनी फेब्रुवारीत निवडणूक होते आणि मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर एप्रिलमध्ये पहिल्या दोघांत पुन्हा लढत. २०२३ साली ब्रँडन जॉन्सन असेच दुसऱ्या फेरीत पॉल व्हॅलस यांना हरवून महापौर झाले. पक्षाचं नाव नसल्यामुळे ‘सगळे डेमोक्रॅटच’ म्हणून हात झटकता येत नाहीत. ऑल्डरमनने घरबांधणी, पोलीस आणि शाळा या प्रश्नांवर कसं मतदान केलं ते एकेक काढून बघावं लागतं.

प्रचारात हात लावायचा तर सगळ्यात उपयोगाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे उमेदवारी अर्जावरच्या मतदारांच्या सह्या. २०२३ मध्ये ऑल्डरमनच्या उमेदवाराला ४७३ आणि महापौरपदाच्या उमेदवाराला १२,५०० वैध सह्या लागत होत्या. ‘वैध’ या शब्दातच सगळी गोम आहे. सही करणारा त्याच पत्त्यावर, त्याच वॉर्डात नोंदलेला मतदार हवा. रस्त्याच्या पलीकडचा शेजारी दुसऱ्या वॉर्डात निघतो, कारण वॉर्डांच्या हद्दी वेड्यावाकड्या आहेत. कुणी घाईत नाव छापील अक्षरांत लिहितं आणि ते नोंदणीतल्या सहीशी जुळत नाही. पानाखाली सह्या गोळा करणाऱ्याचं निवेदन नोटरीपुढे केलेलं नसेल तर अख्खं पान धोक्यात येतं. पानांना क्रमांक हवेत आणि गठ्ठा नीट बांधलेला हवा. विरोधकांची माणसं एकेक सही तपासायला बसतात, म्हणून लागतात त्याच्या तिप्पट सह्या घ्याव्यात. हा खेळ इथे जुना आहे. १९९६ साली बराक ओबामांनी राज्याच्या सिनेटसाठी पहिली निवडणूक लढवली तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या सह्यांनाच आव्हान दिलं होतं, आणि शेवटी प्राथमिक फेरीत ते एकटेच उरले. पुरोगामी असलात तरी एवढं शिकून घ्या.

नियमावली
वॉर्डकरांच्या पोस्टला जोड, खास करून एच-वन-बी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी.

नागरिक नसाल तर मतदार म्हणून नोंदणी करायची नाही, चुकूनही नाही. ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर हा प्रश्न सहज पुढे येतो आणि माणूस बाकीच्या सह्यांबरोबर तिथेही सही ठोकून मोकळा होतो. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी नोंदणी केली होती का’ असं थेट विचारतात, आणि खोटा दावा ठरला तर प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं.

देणगीचं असं: ग्रीन कार्डवाले उमेदवाराला पैसे देऊ शकतात, एच-वन-बीवाले नाही. अगदी वॉर्डाच्या निवडणुकीतही नाही. पगार न घेता दारोदार फिरणं, फोन करणं, पत्रकं वाटणं मात्र दोघांनाही चालतं. फक्त पैसा कुठे खर्चायचा याच्या निर्णयात एच-वन-बीवाल्यांनी बसू नये.

आता जे करता येतं ते. पब्लिक शाळांच्या स्थानिक समितीसाठी, म्हणजे लोकल स्कूल कौन्सिलसाठी, नागरिक नसलेले पालक आणि रहिवासीसुद्धा मत देऊ शकतात. १९८८ च्या कायद्याने ही समिती आली. प्राथमिक शाळेत साधारण १२ जण असतात: मुख्याध्यापक, ६ पालक, २ रहिवासी, २ शिक्षक आणि १ शिक्षकेतर कर्मचारी. मुख्याध्यापकांचा चार वर्षांचा करार हीच मंडळी करते, आणि शाळेच्या सुधारणा आराखड्यालाही मंजुरी देते. अधिकार मोठा आणि उमेदवार थोडे. बऱ्याच शाळांत पालकांच्या जागा बिनविरोध जातात, काही रिकाम्याच राहतात.

या मतामुळे नागरिकत्वाच्या अर्जात अडचण येईल अशी भीती असते. जिथे नागरिक नसलेल्यांना कायद्यानेच हक्क आहे अशा स्थानिक निवडणुकीत फक्त मत दिलं असेल तर ‘नाही’ लिहिता येईल, अशी सूचना आता अर्जातच छापलेली आहे. तरी समितीच्या नियमाची एक प्रत फाइलला लावून ठेवा. आणि २०२४ पासून शहराच्या शाळा मंडळाची जी निवडणूक सुरू झाली ती वेगळी. तिथे नागरिकत्व लागतं. या दोन्हींची गल्लत फार होते.

रॉजर्स पार्कची मावशी
नागरिकत्वाशिवाय हात घालता येईल अशी आणखी एक गोष्ट: वॉर्डाचा ‘मेन्यू मनी’. प्रत्येक ऑल्डरमनला रस्ते, फूटपाथ, दिवे अशा पक्क्या कामांसाठी शहराकडून वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. ४९ व्या वॉर्डात तेव्हाचे ऑल्डरमन जो मूर यांनी २००९ मध्ये ती रहिवाशांच्या मतावर सोपवली, साधारण १३ लाख डॉलर. अमेरिकेतला असा हा पहिलाच प्रयोग. नंतर आणखी काही वॉर्डांनी तो उचलला. यातून पगार किंवा वर्ग चालवता येत नाहीत, फक्त बांधकाम. त्यामुळे ‘मुलांसाठी संगीतवर्ग’ ही सूचना पहिल्याच बैठकीत गळते. ‘या चौकात पादचाऱ्यांसाठी मधला उंचवटा, हे दोन कोपरे, हे फोटो’ अशी सूचना टिकते. खर्चाचा अंदाज परिवहन खात्याकडून यायला उशीर होतो आणि तोवर लोकांचा उत्साह ओसरतो, म्हणून प्रस्ताव लवकर द्या.

हिशेबनीस
टिफबद्दल, म्हणजे टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंगबद्दल, कुणीच कसं लिहिलं नाही? इथला पुरोगामी माणूस जेवताना सुद्धा टिफवर बोलतो.

यंत्रणा अशी. एखादा भाग टिफ जिल्हा जाहीर झाला की तिथल्या मालमत्तांचं त्या दिवसाचं करमूल्य गोठवतात. समजा ते १०० आहे. पुढे वाढून १५० झालं, तर १०० वरचा कर शाळा, बागा, काउंटी यांना पूर्वीसारखा जातो. वरच्या ५० चा कर टिफच्या वेगळ्या खात्यात जमा होतो. हे २३ वर्षं चालतं आणि मुदतवाढही मिळते. मूळ कल्पना पडीक भाग सुधारण्याची होती. प्रत्यक्षात डाउनटाउनच्या श्रीमंत पट्ट्यातही टिफ झाले, आणि रागाचं खरं कारण तेच आहे. पैसे शिल्लक आहेत असं जाहीर केलं की ते सगळ्या करसंस्थांना वाटले जातात, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त शाळांना. दरवर्षी बजेटच्या वेळी ‘सरप्लस किती’ यावर एवढी झटापट होते ती यामुळे. तुमचं घर टिफमध्ये आहे का हे बघायला प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरचा १४ आकडी नंबर पुरतो.

आता बेसबॉलकडे येतो. व्हाइट सॉक्सचं स्टेडियम सार्वजनिक पैशातलं. संघ फ्लोरिडाला जाण्याची धमकी देत होता. ३० जून १९८८ ला मध्यरात्रीची मुदत उलटू नये म्हणून स्प्रिंगफील्डच्या विधानसभेत घड्याळच थांबवलं गेलं आणि विधेयक पास झालं. १९९१ मध्ये स्टेडियम उघडलं. मालकी राज्याच्या संस्थेची, त्यात हॉटेलांवरचा २ टक्के कर ओतलेला, आणि संघ भाडेकरू. करार २०२९ ला संपतो, म्हणून नव्या स्टेडियमची मागणी पुन्हा सुरू झाली. तुलनेला फुटबॉलचा फायर संघ बघा. दक्षिण लूपजवळच्या मोकळ्या जमिनीवर मालकाने स्वतःच्या ६५ कोटी डॉलरमध्ये मैदान बांधायचं जाहीर केलं. पुढच्या वेळी ‘सरकारी पैशाशिवाय स्टेडियम होतच नाही’ असं कुणी म्हणालं की हे सांगा.

पेटीमास्तर
राजकारण पुष्कळ झालं. शिकागो ब्लूजची माउथ ऑर्गन वाजवायची असेल तर हे वाचा. दहा भोकांची साधी डायटॉनिक घ्या. गाणं ‘ई’ पट्टीत असेल तर बाजा ‘ए’ पट्टीचा. इथेच बहुतेक जण फसतात, ‘ई’च्या गाण्याला ‘ई’चा बाजा घेऊन बसतात आणि सूर गोड पण बुळबुळीत येतात. ‘ए’च्या बाजावर सा म्हणजे दुसरं भोक, आत ओढून. मग:

चौथं फुंकून: मध्यम
चौथं ओढून: पंचम
पाचवं ओढून: कोमल निषाद
सहावं फुंकून: वरचा सा

तिसरं भोक ओढून शुद्ध गंधार येतो. जीभ मागे घेऊन तो थोडा खाली ओढायचा, कोमल गंधारापर्यंत पूर्ण न नेता मध्ये लोंबकळत ठेवायचा. ब्लूजचा जीव त्या मधल्या जागेत आहे. आपल्याकडे मींड ऐकलेल्या कानाला ती जागा सापडते, पण टेंपर्ड पेटीवर वाढलेला हात ती पहिल्यांदा बेसूर समजतो. बारा मात्रांचा नव्हे, बारा ‘बार’चा साचा (एक बार म्हणजे चार मात्रा): चार ई, दोन ए, दोन ई, एक बी, एक ए, दोन ई.

शिकागोचा माउथ ऑर्गनवाला लिटल वॉल्टर याच्यासारखा जाड, फाटका आवाज हवा तर बुलेट माइक आणि व्हॉल्व्हचा छोटा ॲम्प्लिफायर. माइक आणि बाजा दोन्ही हातांनी हवाबंद धरायचे. करंगळीपाशी फट राहिली की आवाज पातळ होतो. शिट्टी वाजायला लागली तर आधी ट्रेबल कमी करा आणि ॲम्पकडे पाठ करा. तरीही थांबली नाही तर पहिला व्हॉल्व्ह १२एएक्स७ असेल तो काढून कमी गेनचा १२एवाय७ लावा. ॲम्प बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर.

हे संगीत जिथे रस्त्यावर वाजलं तो मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार १९९४ मध्ये विद्यापीठाच्या विस्तारासाठी उठवला गेला. ब्लूजच्या रेकॉर्डी काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्स कंपनीची २१२० साउथ मिशिगनची इमारत मात्र शाबूत आहे. उन्हाळ्यातला ब्लूज फेस्टिव्हल १९८४ पासून फुकट आहे.

चार-चार
हिशेबनीस, तुमच्या खात्यातली एक गोष्ट राहिली. गाण्याच्या तिकिटावर शहराचा करमणूक कर ९ टक्के आहे, पण १५०० माणसांपर्यंतच्या हॉलमधलं जिवंत संगीत त्यातून सुटतं. काउंटीकडे ७५० पर्यंतच्या जागांना सूट आहे. २०१६ मध्ये काउंटीच्या एका सुनावणीत मुद्दा निघाला की डीजे, रॅप, रॉक ही ‘ललित कला’ नाही, सबब लहान क्लबांनी कर भरावा. म्हणजे ज्या शहरात डिस्कोतून हाऊस हे नाचाचं संगीत जन्मलं तिथेच डीजेला कलाकार म्हणायचं की नाही यावर खल! गदारोळ झाला आणि त्याच वर्षी काउंटी बोर्डाने व्याख्या सुधारली.

हाऊसचं घर म्हणजे २०६ साउथ जेफरसनवरचा वेअरहाऊस क्लब. तिथे डीजे फ्रँकी नकल्स वाजवत. गर्दी मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलैंगिक तरुणांची. २०२३ मध्ये शहराने ती इमारत वारसा म्हणून जाहीर केली. आता याला बेसबॉल जोडा. १२ जुलै १९७९, व्हाइट सॉक्सचं तेव्हाचं मैदान कॉमिस्की पार्क, डेट्रॉईटविरुद्ध दोन सामने. डिस्कोची रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, पहिल्या सामन्यानंतर रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवणार. ५० हजारांच्या आसपास लोक घुसले, मैदान उखडलं, दुसरा सामना सॉक्सनी खेळता न आल्यामुळे गमावला. तिथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करणारा एक मुलगा, व्हिन्स लॉरेन्स, पुढे हाऊसच्या पहिल्या रेकॉर्डींपैकी एकीचा सहनिर्माता झाला. त्याने सांगून ठेवलंय की लोकांनी आणलेल्या बऱ्याच रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या होत्या. त्या रात्रीला ‘निव्वळ गंमत’ म्हणणारे अजून भेटतात.

सहा-चार-तीन
क्रिकेटवाल्यांसाठी स्कोअरकार्ड. पेन नको, पेन्सिल आणि खोडरबर. प्रत्येक जागेला आकडा: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, डावं आउटफील्ड ७, मधलं ८, उजवं ९. शॉर्टस्टॉप ६ आणि तिसरा बेस ५, ही अदलाबदल हमखास होते.

पहिल्या बेसवर धावपटू आहे आणि चेंडू शॉर्टस्टॉपकडे गेला. त्याने तो दुसऱ्या बेसवर फेकला, तिथून पहिल्या बेसवर. धावपटूच्या चौकटीत ६-४, बॅटरच्या चौकटीत ६-४-३, दोन्हीकडे आउटचा क्रमांक गोलात. मधल्या आउटफील्डमध्ये झेल गेला तर एफ-८. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर बाद) इंग्रजी ‘के’, आणि बॅट न फिरवता उभा राहून गेला तर तोच ‘के’ आरशातल्यासारखा उलटा.

कुठे चुकतं? एक, फील्डरने बॅटरला सोडून पुढच्या धावपटूला टिपलं तर बॅटर बेसवर पोचला तरी तो हिट नाही, एफसी (फील्डर्स चॉइस) लिहा. दोन, पिचर बदलला की उभी रेघ मारा. बेसवर आधीच असलेला माणूस घरी आला तर ती धाव जुन्या पिचरच्या नावावर जाते. बोलरच्या आकड्यांची सवय असलेल्याला हे अन्यायाचं वाटतं, पण ते बरोबर आहे. तीन, तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला आणि पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झाले असतील, तर बॅटर पळू शकतो. म्हणून एका इनिंगमध्ये चार ‘के’ दिसले तर कार्ड फाडू नका. चार, जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता उभा केलेला धावपटू. त्याची धाव पिचरच्या सरासरीत धरत नाहीत.

२०२३ पासून पिचरच्या चेंडूफेकीला घड्याळ लागलं. बेस रिकामे असताना १५ सेकंद, धावपटू असताना आता १८. त्यामुळे हॉट डॉग आणि पेन्सिल एकाच हातात जमत नाही.

आकडेवारीतलं राजकारणही बघा. कृष्णवर्णीय खेळाडूंची निग्रो नॅशनल लीग १९२० मध्ये रूब फॉस्टर यांनी उभी केली, ते शिकागोच्या अमेरिकन जायंट्सचे. त्या लीगांचे आकडे मेजर लीगने अधिकृत नोंदीत घेतले २०२४ मध्ये. लगेच कारकिर्दीतल्या सरासरीत जॉश गिब्सन .३७२ ने टाय कॉबच्या वर गेला.

मधुवंती
सहा-चार-तीन, भारी! पण मग पुरोगाम्याने संघ कुठला धरायचा?

सहा-चार-तीन
मालक बघून धरलात तर एकही नाही. शिकागोचा दुसरा संघ कब्ज (Cubs), त्याचे मालक रिकेट्स कुटुंब. एक भाऊ रिपब्लिकन सिनेटर, तर बहीण डेमोक्रॅटांच्या बाजूची. सॉक्सचं स्टेडियमचं पुराण हिशेबनीसांनी सांगितलंच. तिकिटावर दोन्हीकडे शहराचे ९ आणि काउंटीचे ३ टक्के लागतातच. सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, आधुनिक काळातला विक्रम, त्यामुळे तिथे चांगली जागा स्वस्तात मिळते. दोन्ही मैदानं रेड लाइन या रेल्वेमार्गावर: ॲडिसन आणि सॉक्स-३५ वा.

कब्जच्या मैदानावर, रिग्लीला, जाणार असाल तर दुपारच्या सामन्याला तिसऱ्या बेसच्या बाजूची जागा घ्या, सावली आधी तिकडे येते. २०० च्या विभागात मागच्या रांगा टाळा, खांब आडवे येतात. तिकीट घेताना ‘दृश्य अडलेलं’ असं लिहिलंय का बघा. झेंडे तळ्याकडून मैदानात फडकत असतील तर धावा कमी, उलट असतील तर होमरन. घरचं खाणं आत नेता येतं, पोळीभाजीचा रोल बिनधास्त न्या. काच, कॅन आणि दारू गेटवरच काढून घेतात.