मदत हवी आहे: फक्त संशोधनाचं विद्यापीठ बाबांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, घरी कोरडवाहू कापूस. लहान बहीण बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षा देऊन जीवशास्त्रात संशोधन करायचं आहे. बाबा म्हणतात, "जिथं बी.ए., बी.कॉम. नाही, ते कसलं विद्यापीठ? बी.एड. कर, नोकरी लागंल."

होमी भाभांनी १९४५ मध्ये उभी केलेली ही संस्था २००२ पासून अभिमत विद्यापीठ आहे, हे मी सांगितलं. जेआरएफ, म्हणजे संशोधन करताना मिळणारी शिष्यवृत्ती, २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, हेही सांगितलं. पैशाचं त्यांना पटलं. पण "पाच-सहा वर्षं शोधून आपल्याला काय?" यावर मी अडलो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं आमची अख्खी पऱ्हाटी खाल्ली. बोंडअळी मारण्यासाठीच बनवलेल्या बीटी कापसाला अळी का जुमानत नाही, हे कुणीतरी मुळापासून शोधायलाच हवं ना? बहिणीला नेमकं तेच करायचं आहे.

खेड्यातून अशा संस्थेत गेलेलं कुणी आहे का? पीएच.डी.नंतर पुढे काय केलंत? मराठी माध्यमातल्या मुलीला तिथं कितपत जड जातं? आणि बाबांशी दहा मिनिटं फोनवर बोलाल का? संध्याकाळी सातनंतर ते वावरातून घरी येतात.