मदत हवी आहे : कारखान्यातला डॉक्टर, वय ३८. एमडी करू की आपत्ती व्यवस्थापन?

नमस्कार मंडळी,

एमबीबीएसनंतर शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तीन महिन्यांचा एएफआयएच (कामगार-आरोग्याचा डॉक्टरांसाठीचा कोर्स) केला. गेली नऊ वर्षं कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात मेडिकल ऑफिसर आहे. कामगारांची वार्षिक तपासणी, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची चाचणी), कुणाच्या हातावर ॲसिड उडालं तर हात नळाखाली धरून बसणं, हे रोजचं. घर चिपळूणला.

खदखद अशी की बरीचशी नोकरी 'फिट' लिहून सही करण्यातच जाते. कानांची तपासणी कॉम्प्रेसरला लागून असलेल्या खोलीत. हेडफोनमध्ये बीप वाजायच्या आधी भिंतच घुमते. खोली बदला म्हणून तीनदा लिहून दिलं. उत्तर काय, तर "डॉक्टर, ऑडिट पास झालंय ना?"

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात शिरली. पाणी ओसरल्यावर चार दिवस एका शाळेत बसलो होतो. टाके घालायची तयारी करून गेलो आणि आले ते शुगर-बीपीवाले, गोळ्या आणि कागद दोन्ही वाहून गेलेले. "सकाळी गुलाबी, रात्री पांढरी अर्धी" एवढ्यावरून औषध ओळखायचं. चिखल उपसणाऱ्यांना लेप्टो (पुराच्या दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनच्या पुड्या वहीच्या कागदात बांधून दिल्या. त्या चार दिवसांत 'फिट' हा शब्द एकदाही लिहिला नाही.

तर प्रश्न असा. नीट-पीजी देऊन कम्युनिटी मेडिसिन (सार्वजनिक आरोग्य) घ्यावं की इमर्जन्सी मेडिसिन? दोन्हीकडे तीन वर्षं, पंचविशीतल्या पोरांबरोबर नाइट ड्युट्या. की टिसचा (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) दोन वर्षांचा आपत्ती व्यवस्थापनाचा कोर्स? बायको म्हणते, शीक हवं तेवढं, फक्त घराचा हप्ता कोण भरणार ते आधी सांग. नोकरी न सोडता या कामात शिरलेलं कुणी आहे का इथे?

प्रतिसाद १
डॉक्टरसाहेब, तीस वर्षं सेफ्टीत काढली, म्हणून आगाऊपणा करतो. इमर्जन्सीने हात तयार होईल, पण तुमचे शाळेतले पेशंट कम्युनिटी मेडिसिनचे होते. आणि कारखाना वेगळा, आपत्ती वेगळी हे डोक्यातून काढा. भोपाळला १९८४ च्या त्या रात्री हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना नेमका कुठला वायू हेच कुणी धड सांगितलं नव्हतं. त्यानंतर १९८७ ला कारखाने कायदा बदलला आणि ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅन, म्हणजे आवारात अपघात झाला तर कुणी काय करायचं याचा आराखडा, धोकादायक कारखान्यांना सक्तीचा झाला. पदवीचं नंतर बघू. आधी तुमच्या कारखान्याचा प्लॅन उघडा आणि त्यात वैद्यकीय भाग किती आहे ते मोजा. आमच्याकडे एका रुग्णवाहिकेचा फोन नंबर होता. तोही बंद.

धागाकर्ता
सर, आज फाइल मागवून पाहिली. अर्धं पान आहे. कुठला वायू गळला तर काय द्यायचं, याचा एक शब्द नाही. खाली सही माझीच.