पिल्लू आणू की चार वर्षांची भाटी (मादी मांजर)? मदत हवी आहे

मांजर पाळायचं यावर घरात एकमत आहे. वाद आहे तो कुठलं आणायचं यावर.

घरात मी, मुलगी (वय ९) आणि आई (वय ७२). सोमवार ते शुक्रवार मी नऊ तास बाहेर असते. आई घरी असते, पण गुडघ्यांमुळे तिला वाकता येत नाही आणि पायात काही घुटमळलं तर पडायची भीती. माझा मांजराचा अनुभव म्हणजे लहानपणी मागच्या दारी येणारा एक कानफाटका बोका. यायचा, खायचा, जायचा. त्याला काही पाळणं म्हणत नाहीत.

ओळखीतल्या एकांच्या मांजरीची पिल्लं ५ आठवड्यांची झालीत. त्यातलं एक पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं. मुलीने त्याचं नावसुद्धा ठेवून टाकलंय. ते म्हणतात, खायला लागलीत, या रविवारीच घेऊन जा.

दुसरीकडे एक बाई गाव सोडून चालल्या आहेत, त्यांची करडी भाटी आहे. वय ४, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, लसी वेळच्या वेळी. परवा बघायला गेलो तर पाऊण तास कपाटाखालून बाहेर आली नाही. दिसत होतं फक्त शेपटीचं टोक, फरशीवर टपटप आपटणारं. ‘हिला आपण आवडलो नाही,’ मुलगी म्हणाली. निघताना मात्र ती दारापर्यंत आली, माझी चप्पल नीट हुंगली आणि परत आत गेली.

माझं मन भाटीकडे झुकतंय, पण असं बुजरं मांजर नव्या घरात रुळतं का? शिवाय आईला धुळीने शिंका येतात. आखूड केसांचं मांजर घेतलं की त्रास होत नाही म्हणतात, ते खरं का?

प्रतिसाद १:
रविवारी पिल्लू आणू नका. खायला लागलं म्हणजे आईपासून तोडायला तयार झालं असं नाही. निदान ८ आठवडे, जमलं तर १२ आठवडे ते आईजवळ राहू दे. किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, हे पिल्लू भावंडांशी मारामारी करतच शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू तोच धडा तुमच्या हातावर गिरवतं. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपणा बराच आढळतो, तेही तपासून घ्या. बहिरं मांजर घरात मजेत राहतं, फक्त बाहेर सोडायचं नाही.

खरी अडचण तुमच्या आईंची आहे. पिल्लू दिवसभर पायांतच असतं. चार वर्षांच्या मांजराचा स्वभाव ठरलेला असतो आणि ते दिवसातले बारा-चौदा तास झोपतं.

कपाटाखाली बसण्यावरून तिला नापास करू नका. घर आवरायला काढलेलं, त्यात तीन अनोळखी माणसं. शेपूट आपटणं म्हणजे ‘लांब राहा’. तरी ती स्वतःहून चप्पल हुंगायला आली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणलीत तर पहिले काही दिवस एकच खोली द्या आणि लपायला आडवं खोकं. ओढून बाहेर काढायचं नाही.

केसांचं म्हणाल तर ॲलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असतं, ते चाटताना केसांवर पसरतं. आखूड केसांच्या मांजरातही ते असतंच. आईंना दोन-तीनदा तिच्याजवळ तासभर बसवून बघा, मगच ठरवा.

प्रतिसाद २:
खिडक्यांना जाळी आधी, मांजर नंतर. लिलीची फुलं घरात अजिबात नकोत, अंगावर पडलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषच. कुत्र्यांसाठी असलेली परमेथ्रिनची गोचीड-औषधंही तशीच. आणि बशीभर दुधाचा हट्ट नको, मोठ्या मांजरांना बहुधा ते पचत नाही. मांजराला लागणारा टॉरीन नावाचा पोषक घटक मांसातून मिळतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं.

धागाकर्ती:
भाटी आणली! आई दोनदा जाऊन बसली, शिंक आली नाही. पहिल्या रात्री भाटीने जेमतेम दोन घास खाल्ले, दुसऱ्या दिवशी नीट. पण तिसऱ्या दिवसापासून न्हाणीघराच्या पायपुसण्यावर मुततेय. लिटरचा डबा (तिच्या शी-शूच्या मातीचा) वॉशिंग मशीनच्या शेजारी आहे, रोज साफ करते. डूख धरलाय का तिने?

प्रतिसाद १:
मांजर असा डूख धरत नाही. ती डब्यात बसलेली असताना मशीन पिळायला लागलं असेल. डबा शांत कोपऱ्यात हलवा, शक्य असेल तर दुसरा ठेवा आणि माती आधीच्या घरातलीच वापरा. तरीही लघवी तपासून घ्याच. वारंवार बसते, कुंथते आणि थेंबच येतात असं दिसलं तर थांबू नका. बोक्याची तर लघवी तुंबते, मग काही तासांचा प्रश्न असतो.

धागाकर्ती:
मशीनच होतं. डबा जिन्याखाली नेला, पायपुसणं कोरडं आहे. लघवीचा रिपोर्टही ठीक. आता आई म्हणते, तिच्या गळ्यात घंटी बांध, म्हणजे पायात आलेली कळेल.

प्रतिसाद २:
बांधा, पण ओढ बसली की आपोआप सुटणारा पट्टा घ्या. साधा पट्टा कुठे अडकला तर फास बसतो. आणि मांजर झोपलेलं असताना घंटी वाजत नाही. आईंच्या रात्रीच्या वाटेवर एक मंद दिवा लावा, त्याचा उपयोग जास्त होईल.