छाटणीवाल्यांना आर्बोरिस्टचं प्रमाणपत्र हवंच का?

चिंचेचा बुंधा

सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरते आहे. पावसाळ्याआधी झाडं छाटायला येणाऱ्याकडे आयएसएचं (इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या अमेरिकेतल्या संस्थेचं) 'सर्टिफाइड आर्बोरिस्ट', म्हणजे प्रमाणित वृक्षनिगातज्ज्ञ, हे प्रमाणपत्र नसेल तर त्याला गेटाच्या आत घेऊ नका, आणि लहान टोळीवाल्यांनी एकतर ते मिळवावं नाहीतर धंदा सोडावा, असं तिचं म्हणणं. खाली अंगठेच अंगठे. त्यातल्या किती जणांनी परीक्षेचं पान उघडून पाहिलंय?

परीक्षेला बसायलाच साधारण तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव किंवा त्या विषयाचं शिक्षण आणि अनुभव मिळून हिशेब जुळावा लागतो. 200 पर्यायी प्रश्न, साडेतीन तास. मराठीत पेपर नाही. पास झालात की दर तीन वर्षांनी 30 शिक्षण-गुण जमवून नूतनीकरण करायचं. झाडावर चढणारा माणूस सातवी-आठवी शिकलेला. त्याच्या हाताला गुलमोहराची कुठली फांदी पोकळ आहे ते कोयत्याच्या आवाजावरून कळतं, पण इंग्रजीतला 'झायलम'वरचा प्रश्न त्याला सुटणार नाही. बरं, या पेपरात दोरावर लटकून एक फांदीही कापून दाखवावी लागत नाही.

आणि मुख्य मुद्दा. प्रमाणपत्र माणसाला मिळतं, फर्मला नाही. ऑफिसात एक प्रमाणित साहेब, साईटवर रोजंदारीची चाळीस पोरं, हे पोस्टच्या नियमात चोख बसतं. माझ्यासारखी चार जणांची टोळी, जिचा मालक स्वतः दोर धरतो, ती मात्र बाद.

---

पर्णिका

मालक दोर धरतो हे ठीक. धरून काय करतो तेही लिहा की.

मेअखेरीस मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत फिरा. पर्जन्यवृक्षाच्या आतल्या सगळ्या बारीक फांद्या सोलून काढलेल्या आणि टोकाला फक्त पिसारा ठेवलेला. 'हलकं केलं' म्हणतात. प्रत्यक्षात सगळं वजन टोकाला गेलं, मधे वाऱ्याचा जोर खाणारं काही उरलं नाही, आणि जुलैतल्या पहिल्या वादळात फांदी मधूनच मोडते. आडव्या लांब फांदीचं वजन टोकाकडून कमी करायचं असतं. कापताना मागे जी उपफांदी ठेवायची ती कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे ती पुढचं काम घेते. नाहीतर खुंट वाळतो, कुजतो, आणि त्याच्या बाजूने धुमारे फुटतात. हे धुमारे वरवर चिकटलेले असतात, तीन-चार वर्षांत मनगटाएवढे जाड होतात आणि तेच कोणाच्या तरी गाडीवर पडतात. मग तोच छाटणीवाला पुन्हा येतो. धंदा चांगला आहे!

तीन कापांची पद्धत दहात कितीजण वापरतात? पहिला काप खालून, खोडापासून फूट-दीड फूट लांब, जाडीच्या पाव ते एक तृतीयांशापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या जरा पुढे. फांदी सुटते, साल खाली ओरबाडत जात नाही. मग उरलेला खुंट कॉलरच्या बाहेरून काढायचा. कॉलर म्हणजे फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो तो. आपल्याकडे तो खोडाला सपाट घासून कापतात, कारण सेक्रेटरींना 'फिनिशिंग' हवं असतं. कॉलर गेली की झाडाची कुज अडवायची भिंतच गेली. हे पेपरात विचारतात, म्हणून पेपर हवा.

---

वॉर्डातला जुना

दोघांचं वाचलं. दोघंही रेटबद्दल गप्प.

टेंडर झाडामागे निघतं किंवा बुंध्याच्या घेराच्या गटानुसार. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. झाडामागे दर असला की ठेकेदाराचा फायदा एकाच गोष्टीत: एका दिवसात जास्तीत जास्त झाडं. कॉलर पाहून कापायला वेळ लागतो, फांदी दोराने उतरवायला त्याहून जास्त. खालचा माणूस दोर दुसऱ्या खोडाला दोन-तीन वेढे देऊन सोडतो तेव्हा फांदी सावकाश उतरते. वेढे न देता हातात धरला की झटका बसतो, तळवे सोलतात, आणि बांधलेला बेचका कच्चा असेल तर तोही फाटतो. गुलमोहर आणि सोनमोहर यांचं लाकूड ठिसूळ, त्यांच्या बेचक्यावर भरवसा ठेवायचा नसतो. पण दर तोच आहे हो! गुलमोहर असो की चिंच.

प्रमाणपत्र सक्तीचं केलंत तर काय होईल ते आत्ताच सांगतो. एका प्रमाणित माणसाच्या नावावर आठ फर्मा टेंडर भरतील. इलेक्ट्रिकलच्या लायसन्सचं जे होतं तेच.

---

लीड्सकर

इथे ब्रिटनमध्ये हा वाद जुना आहे, म्हणून थोडं. पोस्टवाल्याने दोन गोष्टींची खिचडी केली आहे. व्यक्तीचं प्रशिक्षण वेगळं, फर्मची मान्यता वेगळी. चेनसॉ चालवायला, दोरावरून चढायला आणि झाडावर अडकलेल्याला खाली आणायला, दोरावर लटकून चेनसॉ वापरायला अशी वेगवेगळी 'तिकिटं', म्हणजे कौशल्याचे दाखले, असतात आणि ती प्रत्यक्ष करून दाखवावी लागतात. फर्मसाठी आर्बोरिकल्चरल असोसिएशनची 'अप्रूव्ह्ड कॉन्ट्रॅक्टर' योजना आहे. ते कागदपत्रं तपासतात आणि साईटवर येऊन चालू कामही पाहतात. झाडाचं काम बीएस 3998 या ब्रिटिश मानकाप्रमाणे, चढण्याचा दोर-हार्नेस दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासलेला, असं सगळं.

तरी इथेही ती योजना ऐच्छिकच आहे. परवाना न घेता कोणीही स्वतःला 'ट्री सर्जन' म्हणवू शकतो. दोन माणसं आणि एक व्हॅन असलेल्या फर्मा कुरकुरतात की खर्च आणि कागद मोठ्यांना परवडतात, गिऱ्हाईक शेवटी किंमतच विचारतं. कुरकुर खोटी नाही. पण कौन्सिलची कामं हवी असतील तर अशी मान्यता उपयोगी पडते, म्हणून बरेच जण शेवटी घेतात.

---

चिंचेचा बुंधा

लीड्सकर, धन्यवाद. म्हणजे तिकडेही साईटवर येऊन बघणारी योजना ऐच्छिक, आणि इकडे नुसत्या पेपरासाठी गेटबंदी. हेच म्हणत होतो.

पर्णिकाताई, कॉलर आणि तीन काप शिकवायला एक सकाळ आणि एक सुबाभूळ पुरते. त्यासाठी अमेरिकेची परीक्षा कशाला?

---

पर्णिका

मग शिकवली का नाही अजून कोणी? सुबाभळींचा तुटवडा आहे का?

---

खोडकिडा (देवगड)

सगळं वाचलं, पण कापल्यावर जखमेला काय लावायचं यावर कोणी अवाक्षर नाही. प्रमाणपत्रवाले येतात आणि सांगतात, काही लावू नका, झाड स्वतः बघून घेतं. जरा कोकणात या.

---

पर्णिका

बरोबरच सांगतात. ॲलेक्स शायगो या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं आहे की झाड जखम 'भरत' नाही, कुजका भाग भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. डांबर, ऑइल पेंट यांनी कुज थांबत नाही, उलट आत ओल धरून राहते. गेरू-चुन्याचा पट्टा मारायचा आणि 'ट्रीटमेंट'चे वेगळे पैसे लावायचे, ही शुद्ध फसवणूक आहे.

---

खोडकिडा (देवगड)

डांबर आणि ऑइल पेंट मी कुठे म्हटलं? बोर्डो पेस्ट म्हणतोय. आंब्याला ताज्या कापावर आणि सालीच्या भेगांत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा भुंगा, अंडी घालतो. अळी आत शिरली की बुंध्याशी भुसा दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. मग तार घालून अळी ओढा, औषधाचा बोळा घाला, चिखलाने भोक लिंपा. त्यापेक्षा कापल्या दिवशी पेस्ट लावणं स्वस्त. जुन्या बागेचं पुनरुज्जीवन करताना मांडीएवढ्या फांद्या उतरवतात, त्या उघड्या ठेवा म्हणणारा माणूस बागायतदार नव्हे.

आणि करायची तर नीट करा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या टपात. लोखंडी बादली नको. चुना विरून गार झाला की गाळून एकत्र करायचं, ढवळत राहायचं. मग लोखंडी सुरी क्षणभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. नाही चढला की लावा, आणि त्याच दिवशी संपवा. शिळी पेस्ट खाली बसते, ब्रशला चिकटते पण झाडाला नाही.

---

नीरफणस

शहरातल्या गुलमोहराला पेस्ट लावून काय उपयोग? त्याच्या बुडाशी अळिंबी फुटलेली असते, बुंध्याभोवती काँक्रीट खेटून ओतलेलं, आणि एका बाजूची मुळं केबलवाल्याने तोडलेली. वर कितीही सुबक छाटा, ते खालून पडणार. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा मोकळी सोडा, हे हरित लवादाने दिल्लीच्या झाडांसाठी 2013 मध्येच सांगितलंय. आपल्याकडे काँक्रीट फोडताना ब्रेकर मुळांवरच चालतो ते वेगळंच.

छाटणीवाल्याचं प्रमाणपत्र तपासताय, रस्तेवाल्याचं कोण तपासणार?

---

पर्णिका

खोडकिडाभाऊ, फळबागेतलं कीडनियंत्रण आणि रस्त्यावरच्या झाडाची कुज हे वेगळे विषय आहेत. आंब्याला बोर्डो लावा, मला काही म्हणायचं नाही. फक्त त्याने कुज थांबते असं सोसायटीला सांगून पैसे घेऊ नका.

---

खोडकिडा (देवगड)

'मला काही म्हणायचं नाही' यावर आधी एवढे शब्द खर्च झाले! सोसायटीच्या आवारात आंबा नसतो का? तिथे भिरूड वॉचमनला विचारून येतो का?

---

लीड्सकर

विषयावर येऊ या का? चेनसॉबद्दल कोणीच बोललं नाही. माणसं जखमी होतात ती तिथे. शिडीवर उभं राहून एका हाताने करवत चालवताना बारच्या (साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या) टोकाचा वरचा चतुर्थांश फांदीला टेकला की करवत उलटी, थेट तोंडाकडे येते. चेन ब्रेक असतो, पण तो लागावा म्हणून डावा हात पुढच्या हँडलवर हवा. तो हात फांदी धरायला गेला की ब्रेकचा भरवसा उरत नाही. दुसरं, बोथट साखळी. धारदार साखळी चिपा फेकते, बोथट साखळी भुकटी. भुकटी दिसली की माणूस जोर लावतो, जोर लावला की तोल जातो. कानस काढून दोन मिनिटं थांबावं, इतकं साधं आहे.

---

वॉर्डातला जुना

दोन मिनिटं कोणाच्या हिशेबात धरायची?

आणि वीज राहिली. फांदी उघड्या तारांवर असेल तर 'वायरमनला फोन केलाय' पुरत नाही. लाईन बंद केल्याचं लेखी हवं, जागेवर अर्थिंग हवं. कोणाच्या तरी इन्व्हर्टर-जनरेटरमधून उलटा करंट येऊ शकतो. ओली फांदी आणि नायलॉनचा ओला दोर, दोन्हीतून वीज जाते.

---

बगळाप्रेमी

एक विनंतीवजा तक्रार. बगळे-ढोकरी मुंबई-ठाण्यात पर्जन्यवृक्षांवर घरटी करतात तीच मुळी पावसाच्या सुमारास. परवानगीचा कागद एप्रिलचा, छाटणी होते जूनअखेरीस, आणि पिल्लं रस्त्यावर. चढण्याआधी पाच मिनिटं वर बघा. खाली पांढऱ्या शिटेचा सडा दिसला की ती फांदी सोडा. याला कुठलं प्रमाणपत्र लागतं?

---

चिंचेचा बुंधा

बगळाप्रेमींशी सहमत. निदान कोणीतरी माझ्या बाजूने बोललं.

---

बगळाप्रेमी

मी तुमच्या बाजूने नाही. तुमच्यासारख्या टोळ्याच जूनअखेरीस येतात.

---

पर्णिका

मूळ मुद्दा. पेपर सक्तीचा नको, चला, एवढं मान्य, कारण एका नावावर आठ फर्मा येणार हे वॉर्डवाल्यांचं खरं आहे. पण मग सोसायटीने ओळखायचं कसं? 'अनुभव 20 वर्षे' तर सगळ्यांच्याच बॅनरवर असतो. 20 वर्षं सपाट कापत आलेल्याचाही तो अनुभवच.

---

चिंचेचा बुंधा

कामाच्या कागदात लिहा. महापालिकेच्या परवानगीवर 'धोकादायक फांद्या' एवढंच मोघम असेल तर झाडाचा फोटो काढून त्यावर फांद्यांना नंबर द्या, कुठल्या उपफांदीपर्यंत कापायचं ते दाखवा. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त हिरवा पाला काढायचा नाही. शेंडा उडवायचा नाही. चढणाऱ्याला हार्नेस, आणि करवत चालू असताना एक जादा बांधणी, जेणेकरून दोराला पातं लागलं तरी माणूस लटकून राहील. खाली दोरी लावून रस्ता बंद. शेवटचा हप्ता खाली उभं राहून काप बघितल्यावर. हे न वाचता येणारा टोळीवाला मी तरी पाहिलेला नाही.

पेपर मात्र अमान्य. छापील प्रमाणपत्र लॅमिनेट करून व्हॅनवर चिकटवायला चांगलं दिसतं, तेवढं खरं.

---

लीड्सकर

हे सगळं लिहून, येऊन तपासलंत तर त्यालाच मान्यता-योजना म्हणतात. शाबास.

---

नीरफणस

आणि झाड तपासणार कोण? चेंबूरला 2017 मध्ये नारळ कोसळून रस्त्याने जाणारी एक महिला गेली. ते झाड काढा असा अर्ज आधीच झाला होता. तिथे काप सपाट होता की कॉलरबाहेर, हा प्रश्नच नव्हता. 'झाड ठीक आहे' असं लिहिणाऱ्याला तरी परीक्षा लावा. माझं मत एवढंच, की प्रमाणपत्राची खरी गरज चढणाऱ्याला नसून पाहणी करणाऱ्याला आहे.

---

वॉर्डातला जुना

यावर मी बोलणार नाही.

बुंधासाहेब, एक सांगा. तुमच्या टोळीची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगार भरपाईचा विमा, आहे ना? त्यात कामाचं वर्णन काय लिहिलंय? बहुतेक टोळ्यांच्या पॉलिसीत 'बागकाम' असतं, कारण हप्ता कमी बसतो. तीस फुटांवरून माणूस पडला की कंपनी पहिल्यांदा तीच ओळ वाचते.

---

चिंचेचा बुंधा

'उंचीवरील वृक्षछाटणी, यांत्रिक करवतीसह' असं लिहिलंय. त्या ओळीने हप्ता बराच चढतो. तो कोटेशनमध्ये दाखवला की सोसायटी 'बागकाम'वाल्याकडे जाते. त्याच सोसायटीच्या ग्रुपवर मग ही पोस्ट फिरते.